मुका मार

आज जरा वेगळ्या विषयावर लिहितेय आणि लांबलंही आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, रात्री निवांत वाचा.

विषय आहे मार. म्हणजे मार लागल्यावर कातडीखाली जे काळंनिळं होतं, ते. माझी मुलगी परवा इंग्रजीचा धडा वाचत होती, त्यात ‘ब्रूज’ असा शब्द आला. “आई, याला मराठीत काय म्हणू?” मी भाजी चिरता चिरता सांगायला लागले आणि थांबेचना. रक्त साकळलं. काळंनिळं पडलं. वळ उठला. टेंगूळ आलं. मुका मार लागला. ती वैतागली, तिला वहीत लिहायला एकच शब्द हवा होता.

पण बघा ना, यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. टेंगूळ म्हटलं की डोकं किंवा कपाळ. वळ म्हटला की छडी, पट्टा नाहीतर पाच बोटं आलीच. जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या अंगावर वळ उठला असं कुणी म्हणत नाही. वळ या शब्दातच मारणारा उभा असतो. काळंनिळं हा नुसता रंग झाला, कसं झालं, कुणी केलं, ते त्यात काही नाही. आणि मुका मार म्हणजे रक्त नाही, फाटलेलं नाही, वरून बघितलं तर माणूस धड दिसतो, आत मात्र ठणका लागलेला. पेपरात वाचतो ना आपण, “दुचाकीस्वाराला मुका मार लागला”. म्हणजे फार काही नाही, बातमी दोन ओळींत संपवा.

आम्ही राहतो कोसाडला. ज्यांना सुरत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तापी ओलांडून उत्तरेला गेलं की अमरोली, आणि त्याला लागून कोसाड. मुंबई-अहमदाबाद लाइनवर उत्राणच्या पुढचं स्टेशन. महापालिकेनं इथं झोपडपट्टीतल्या लोकांसाठी मोठी वसाहत बांधली, तिला सगळे कोसाड आवास म्हणतात. एच-वन, एच-टू असे भाग आहेत. पत्ता सांगताना गल्ली नाही, इंग्रजी अक्षर आणि आकडा सांगायचा. आम्ही आधी नदीकाठी झोपडीत होतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी आलं आणि सुरतचा बहुतेक भाग बुडाला, त्यात आमचं सगळंच गेलं. इथं चावी मिळाली ती २०११ मध्ये. आमच्या जिन्यात खान्देशी, ओडिया, युपी-बिहारवाले, काठियावाडी, सगळे. त्यामुळे जिन्यात कुणाचं पोर पडलं की पाच भाषांत चौकशी होते.

हिंदीवाल्या म्हणतात, नील पड गया. गुजरातीत मुक्या माराला म्हणतात मूढ मार. आपला मार मुका, त्यांचा मूढ. आणि कातडीवरच्या डागाला चकामुं. आमचे मिस्टर लग्नाआधी नवीन सुरतला आले तेव्हा लूमच्या खात्यात कामाला होते. एकदा धोटा उडून दंडावर बसला. डॉक्टरनं विचारलं, “लीलुं थयुं छे?” हे म्हणाले, हो, निळं झालंय. डॉक्टर बघतो तर दंड जांभळा. गुजरातीत लीलुं म्हणजे हिरवं हे यांना कुठं ठाऊक! तो किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. पण खरं सांगू का, दोघंही बरोबर होते, फक्त दिवस वेगळे. कसं ते सांगते.

मार लागला की कातडीखालच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. कातडी फाटलेली नसते म्हणून रक्ताला बाहेर यायला वाट नाही, ते तिथंच आत पसरतं. सुरुवातीला लालसर, मग जांभळं, निळंकाळं. मग शरीर ते सांडलेलं रक्त उचलायला लागतं. रक्तातला तांबडा रंग मोडतो, त्यातून आधी एक हिरवा पदार्थ तयार होतो आणि मग पिवळा. हा पिवळा म्हणजे तोच बिलिरुबिन, कावीळ झाल्यावर ज्यानं डोळे पिवळे होतात. लोखंडाचा अंश उरतो तो तपकिरी दिसतो. साधारण दोन आठवड्यांत सगळं साफ. म्हणजे मराठी माणूस पहिल्या-दुसऱ्या दिवशी बघून काळंनिळं म्हणाला आणि गुजराती माणूस पाच-सहा दिवसांनी बघून लीलुं म्हणाला, असं समजा. (हा माझा शोध आहे, भाषेच्या अभ्यासकांनी रागावू नये.)

हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. कसं शिकले त्याकडे येतेच. पण आधी आमच्या आबांबद्दल सांगायला पाहिजे.

आबा, म्हणजे माझे वडील. चोपडा तालुक्यातलं गाव. अमळनेरहून पॅसेंजरनं सुरतला आले, जसे सगळे खान्देशी आले तसे. पण मिलमध्ये टिकले नाहीत, केळीची लारी लावली. लारी म्हणजे आपली हातगाडी. सुरतमध्ये भरूचकडची केळी भरपूर येते, पण आबा गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचे, “चोपड्याचा माल आहे.” असेलच असं नाही. पण केळी ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हता. पहाटे वखारीत जायचे, घडाखाली हात घालून तान्ह्या बाळासारखा उचलायचे. लारीवर आधी गोणपाट, त्यावर केळीची पानं, त्यावर फण्या. कुणी गिऱ्हाईक केळं दाबून बघायला लागलं की ओरडायचे, “दाबू नका, मार लागतो!”

आणि एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. पिकल्या केळीला मार लागला तर लगेच काळं दिसतं. पण कच्च्या केळीला मार लागला तर त्या दिवशी काही कळत नाही. हिरवीगार, टणक. वखारीत जाते, पिकते, सोनेरी होते, आणि मग जिथं आपटली होती तिथं डाग वर येतो. “आपटली रावेरात, डाग निघाला सुरतेत,” असं म्हणून हसायचे.

एवढी केळीला जपणारा माणूस घरी मायला मारायचा.

लिहिलं एकदाचं. आबा २०१३ मध्ये गेले. ते असते तर लिहिलं असतं का, सांगता येत नाही. रोज नाही मारायचे. दारूही रोज नव्हती. पण माल खराब निघाला, लारी पोलिसांनी उचलली, भिशीचे पैसे बुडाले, की रात्री आम्हा भावंडांना कळायचं आज गोधडी डोक्यावरून घ्यायची. आवाज व्हायचा तो आबांचा. मायचा आवाज कधी ऐकला नाही. झोपडीची भिंत म्हणजे पत्रा आणि ताडपत्री, पलीकडे माणसं झोपलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, ती म्हण मी शाळेत शिकायच्या आधी पाहिली होती.

सकाळी माय नळावर जायची. बायका बघायच्या. माय सावळी, त्यामुळे पटकन दिसायचंही नाही. आता कळतं की डॉक्टरलासुद्धा सावळ्या कातडीवर काळंनिळं नीट उजेडात धरून बघावं लागतं, कारण पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या माणसांचे. पण बायकांना दिसायचं. कुणी काही बोललंच तर माय म्हणायची, “पडनू वं माय, दुसरं काय.” पडले गं बाई. आमची झोपडी जमिनीला टेकलेली, ना पायरी ना जिना, ही बाई पडते कुठून असा प्रश्न कुणाला पडला असेल की नाही! पण आंबेहळद मात्र कुणी ना कुणी आणून द्यायचं. आंबेहळद, रक्तचंदन उगाळून. औषध सगळ्यांकडे होतं.

मला कधी कधी वाटतं, मुका मार हा शब्द किती सोयीचा आहे. मार मुका. मारणारा नाही, बघणारे नाहीत, मारच मुका!

आता मुलीचं सांगते.

२०१७ सालची गोष्ट. गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. आधी दोन-तीन आठवड्यांपूर्वी तिला साधा ताप, सर्दी येऊन गेली होती. पावसाळ्यात सुरतमध्ये कुणाला ताप येत नाही! बरी झाली, खेळायला लागली. मग एक दिवस अंघोळ घालताना बघते तर नडग्यांवर चार-पाच निळे डाग. म्हटलं खेळताना लागलं असेल. दोन दिवसांनी मांड्यांवर, दंडावर, आणि फ्रॉकचा नाडा बांधते तिथं कमरेला. पाठीवर एक मोठा, लिंबाएवढा. विचारलं तर म्हणते, “नाही पडले.”

मी त्या वेळी घरी साड्यांना लेस लावायचं आणि धागा कटिंगचं काम करायचे. शेजारच्या बायका दुपारी सोबत बसायच्या. त्यातली एक, आपलीच, जळगावकडची, मुलीच्या पायाकडे बघून म्हणाली, “पोरीच्या पायावर वळ कशाचे गं?”

वळ. मी वर सांगितलं ना, त्या शब्दात मारणारा असतो. ती डाग म्हणाली असती, काळंनिळं म्हणाली असती, तर मी सहज उत्तर दिलं असतं. वळ म्हटल्यावर माझ्या हातातली कात्री थांबली. संध्याकाळपर्यंत दोन मजले वर आणि दोन खाली बातमी गेली होती. मिस्टर रात्रपाळी करून सकाळी येतात, दिवसा झोपतात, झोपमोड झाली की चिडतात, हे जिन्याला माहीत. झालं! गणित जुळलं लोकांचं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून बोलावणं. शाळेचं नाव नको, बाईंचं तर नकोच. त्यांनी मुलीला वर्गाबाहेर बसवून मला आत घेतलं आणि दार लोटून विचारलं, “घरी कोण मारतं तिला?” तुम्ही की वडील, असं. १०९८ ला कळवावं लागेल असंही बोलल्या. मी काय बोलले ते आता आठवत नाही. बाहेर आले तर मिस्टर शाळेच्या फाटकाशी उभे, रात्रपाळीचे डोळे लाल. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी मुलीचा हात धरला नाही. ती धरायला गेली तर हात खिशात घातला. रस्त्यावर लोक बघतील म्हणून. पुढे कितीतरी दिवस ते तिच्यावर साधं ओरडले नाहीत, दुधाचा पेला सांडला तरी नाही. माणसाला न मारता मार लागतो तो असा.

मला त्या बाईंचा राग आला का? त्या दिवशी आला. आज नाही. नंतर डॉक्टरांनीच सांगितलं की लहान मुलांना खेळताना मार लागतो तो नडगीला, गुडघ्याला, कोपराला, कपाळाला, म्हणजे जिथं हाड वर असतं तिथं. पाठ, पोट, मान, कान, कुल्ले, इथं डाग दिसले तर विचारायलाच पाहिजे. आणि रांगायलाही न लागलेल्या बाळाच्या अंगावर असा डाग दिसला तर नक्कीच. (मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना जन्मतःच कमरेखाली, कुल्ल्यावर निळसर-करडे डाग असतात. तो मार नाही, ती जन्मखूण, मोठेपणी बहुतेक जाते.) माझ्या मुलीच्या पाठीवर डाग होता. त्या बाईंनी पाहिलं आणि विचारलं. त्यांचं चुकलं नाही.

त्याच रात्री मुलीच्या नाकातून रक्त आलं. थांबता थांबेना. पायावर बघते तर लालेलाल बारीक ठिपके, जणू कुणी सुईनं टोचलंय. मायनं पाण्याचा काचेचा पेला त्यावर दाबून बघितला. हे तिला कुठून सुचलं देव जाणे, पण डॉक्टरही असंच बघतात. घामोळं किंवा साधी पुरळ असेल तर दाबल्यावर फिकी पडते. हे ठिपके तसेच राहिले. म्हणजे रक्त वाहिनीच्या बाहेर आलेलं.

रिक्षा करून मोठ्या दवाखान्यात. रक्त तपासलं. प्लेटलेट ११ हजार.

डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द सुरतमध्ये आता पानवाल्यालाही माहीत आहे. निरोगी माणसात रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख असतात. वाहिनीला बारीकसं भोक पडलं की या धावत जाऊन बूच लावतात. आपल्या अंगातल्या बारीक वाहिन्यांना उठता-बसता काही ना काही होतच असतं, आपल्याला कळतही नाही. बूच लावणारेच नसतील तर नाडा आवळला तरी डाग, मांडी घालून बसलं तरी डाग. मार न लागता मार.

रात्री कुणीतरी ‘ब्लड कॅन्सर’ म्हणालं. कोण ते आठवत नाही, डॉक्टर नव्हते, बाजूच्या खाटेवरचं कुणीतरी. मिस्टर भिंतीला टेकून खाली बसले. सकाळी मोठ्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी सांगितलं, काचेवर रक्त पसरून बघितलंय, वाईट पेशी दिसत नाहीत, लाल-पांढऱ्या पेशी ठीक आहेत, एकट्या प्लेटलेट कमी. याला आयटीपी म्हणतात. लहान मुलांत पुष्कळदा साध्या तापानंतर होतो. अंगातलं सैन्य जंतूंशी लढता लढता चुकून आपल्याच प्लेटलेटवर शिक्का मारतं आणि मग पाणथरी त्यांना गिळत सुटते. बहुतेक मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात. नुसते डाग असते तर औषध न देता नजर ठेवली असती, पण नाकातून रक्त येतंय म्हणून काही दिवस स्टेरॉइड देऊ. पपईच्या पानांचा रस जिन्यातल्या तिघींनी आणून दिला होता, तो मॅडमनी प्रेमानं बाजूला ठेवायला लावला.

मग पथ्यं. पळायचं नाही, उड्या नाहीत, सायकल नाही. दुखण्यासाठी अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नाही. डाग चोळायचे नाहीत. हे ऐकून माय चमकली, कारण आपल्याकडे मुका मार लागला की पहिलं काम चोळणं. मॅडम म्हणाल्या, साध्या मारालाही पहिले एक-दोन दिवस गार पाण्याची पट्टी ठेवा आणि चोळू नका, चोळलं की आतलं रक्त आणखी पसरतं. शेक द्यायचा तो नंतर.

मी मॅडमना विचारलं, हे डाग किती दिवसांचे आहेत ते रंगावरून सांगता येतं का? शाळेत लिहून द्यायला. म्हणाल्या, अचूक नाही सांगता येत. पिवळेपणा दिसला तर किमान एखादा दिवस गेलाय एवढं कळतं, बाकी माणसागणिक, जागेगणिक वेगळं. हे मला फार लक्षात राहिलं, कारण लोक छातीठोकपणे सांगतात, हा कालचा, हा परवाचा.

आणखी एक. दाखल केलं त्या दिवशी मॅडमनी आम्हाला दोघांना बाहेर पाठवलं होतं. मुलीपाशी फक्त माय. मॅडमनी मुलीला विचारलं, घरी तुला कुणी मारतं का? रिपोर्ट हातात असताना! मला कळल्यावर परत वाईट वाटलं. पण मॅडम म्हणाल्या, आजार असला तरी विचारावंच लागतं, एक असलं म्हणून दुसरं नसतं असं नाही. मुलगी काय म्हणाली? ती म्हणाली, “मारत नाहीत, मुका घेतात.” मुका मार, मुका मार असं दिवसभर ऐकून तिला वाटलं होतं की त्यातला मुका म्हणजे पापी! मॅडम हसत बाहेर आल्या.

माय हसली नाही. ती व्हरांड्यात बाकावर बसली, पदर डोक्यावर ओढून. मी चहा आणून दिला. चहा धरून बराच वेळ तशीच. मग म्हणाली, “माले कोनीच इचारं नही.”

मला कोणीच विचारलं नाही.

एवढंच. सव्वीस वर्षं तिनं “पडनू” म्हटलं होतं आणि तिचं म्हणणं असं की विचारलं असतं तर दुसरं काही म्हणाली असती. आता म्हणाली असती की नाही कोण जाणे. पोटात चार लेकरं, बाहेर नदी. पण विचारलं नाही हे खरं. दवाखान्यात जाऊन आली होती दोनदा, एकदा हात प्लास्टरमध्ये होता. तिथंही कुणी नाही. आजूबाजूचे सगळे चांगले लोक. आंबेहळद देणारे. मीसुद्धा मोठी झाल्यावर तिला शब्दांत कधी विचारलं नव्हतं. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं कुणी विचारत नाही.

मुलगी पाचव्या दिवशी घरी आली. प्लेटलेट ११ हजारांवरून ४० हजार, मग खाली-वर, खाली-वर. दर आठवड्याला सुई. दिवाळी फटाक्यांशिवाय गेली. जानेवारीत १ लाख ८० हजार झाल्या आणि तेव्हापासून देवाच्या कृपेनं तिथंच आहेत. शाळेच्या बाई मध्ये एकदा घरी आल्या, सफरचंदं घेऊन. मिस्टर झोपलेले, उठून शर्ट घातला, स्वतः चहा केला. बाई माफी मागायला लागल्या तर मिस्टर म्हणाले, “तुम्ही विचारलं ते बरं केलं. दुसऱ्या कुणाचं पोर असेल तर त्यालाही विचारा.” मग आत जाऊन परत झोपले. मोठे बोलणारे नाहीत ते. जिन्यातली ती जळगाववाली मात्र काही बोलली नाही, नुसत्या शेंगोळ्या करून पाठवल्या. चालायचंच.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माय. ती आता थकलीय, ऐकायला कमी येतं. पण त्या दवाखान्यानंतर तिला एक सवय लागली, आम्हाला लाज वाटेल इतकी. कुणाच्याही अंगावर डाग दिसला की विचारते. मार्केटमध्ये, रिक्षात, लग्नात. कुणी म्हणालं पडले, तर म्हणते, कुठून? कितव्या पायरीवरून?

२०१९ मध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एक ओडिया जोडपं राहायला आलं. मुलगी वीस-बावीसची, गुजराती येत नाही, हिंदी थोडं, मराठी शून्य. मायला हिंदी येत नाही, तिची आपली अहिराणी. एक दिवस ती कपडे वाळत घालताना बाही वर सरकली. दंडावर चार बोटं उठलेली, ती मीही पाहिली. माय जिना चढून गेली, गुडघे धरत धरत. मुलीचा दंड हातात घेतला आणि विचारलं, “कोनी मारं?”

ती मुलगी हिंदीत म्हणाली, गिर गई.

मायनं मान हलवली. जिन्याकडे बोट दाखवलं, नाही नाही अशी खूण केली, मग स्वतःची बाही वर केली. तिच्या कोपराजवळ हाड वाकडं जुळलेलं आहे, ते प्लास्टरवालं. ते दाखवलं. एक शब्द एकीचा दुसरीला कळत नव्हता. त्या मुलीनं त्या हाडावर बोट फिरवलं आणि तिथंच कठड्याला टेकून रडायला लागली. संध्याकाळी आमच्या घरी येऊन बसली. मी १८१ लावला. अभयमचा फोन, गुजरातमध्ये २०१५ पासून सगळीकडे आहे, चोवीस तास लागतो, गाडीसुद्धा येते, हे माहीत असू द्या. गाडी आली, ताई होत्या सोबत, त्यांनी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं.

पुढचं तिचं ती सांगेल, मी नको. ती आता कोसाडला राहत नाही. दिवाळीला मायला फोन करते. दोघी काय बोलतात कुणास ठाऊक, एक ओडियात आणि एक अहिराणीत, पण पंधरा-पंधरा मिनिटं चालतं.